एझ्रा फील्डनचे बूट

"मग शनिवारी येताय ना, मिस्टर फील्डन?"

एझ्रा फील्डनने उत्तर दिलं नाही. त्याच्या ओठांत चार खिळे होते.

समोरच्या मोडक्या स्टुलावर सर नेड हॉलिनरेक बसला होता. इंग्लंडच्या फुटबॉल संघाचा माजी कर्णधार. ब्रॅकथॉर्प रोव्हर्स या एकाच क्लबासाठी बावीस वर्षं खेळलेला, चारशे दोन गोल केलेला, त्यातले निम्म्याहून जास्त डोक्याने मारलेला नेड. गावात त्याच्या नावाचा रस्ता होता. त्याच्या नावाची बिअर होती. शनिवारी मैदानाच्या दारात त्याचा ब्राँझचा पुतळा उभा राहणार होता.

स्टुलाचा एक पाय आखूड होता. नेडला सारखं सावरून बसावं लागत होतं.

एझ्राने ओठांतला एक खिळा काढला. फर्म्यावर उलटा घातलेला शाळेचा बूट होता, त्याच्या टाचेत ठोकला. मग दुसरा. मग तिसरा.

चौथा ठोकून झाल्यावर तो म्हणाला, "शनिवारी दुकान उघडं असतं."

"तासाभराचं तर काम आहे. पुतळ्यावरचं कापड तुम्ही ओढावं अशी माझी इच्छा आहे."

"पुतळा कुणाचा?"

"माझा."

"मग तूच ओढ. तुला ठाऊक असेल आत काय आहे."

नेड हसला. मोठ्या माणसांना कुणी तोंडावर असं बोललं की ती हसतात, तसं.

नेडचं वय पासष्ट, एझ्राचं त्र्याहत्तर. राणीने खांद्याला तलवार लावून ज्याला 'सर' केलं होतं, तो गल्लीतल्या बूट दुरुस्त करणाऱ्याला अजूनही 'मिस्टर' म्हणत होता. पंधराव्या वर्षी लागलेली सवय होती ती.

पंधराव्या वर्षी नेड रोव्हर्समध्ये आला तो खेळायला नव्हे, झाडायला. तिथल्या क्लबांची रीतच तशी होती. उमेदवार पोरांनी गवत कापायचं, बाकं धुवायची आणि मोठ्या खेळाडूंचे बूट पुसायचे. प्रत्येकाला एकेक खेळाडू नेमून दिलेला असायचा. नेडच्या वाट्याला एझ्रा फील्डन आला. उजव्या कडेने पळत जाऊन गोलासमोर बॉल टाकणारा, आणि तो नेमका हवा तिथेच टाकणारा फील्डन.

दोन महिने नेडने मुकाट्याने बूट पुसले. मग एका सकाळी त्याने धीर केला.

"मिस्टर फील्डन, तुम्ही टाकलेला बॉल कुठे पडणार, ते आधी कसं ओळखायचं?"

"माझे बूट कोण पुसतं?"

"मी."

"मग मला काय विचारतोस?"

एवढंच. यापेक्षा जास्त शिकवणी एझ्राने कधी दिली नाही.

नेड त्या रात्री बूट उशाशी घेऊन झोपला. हळूहळू त्याला दिसायला लागलं. उजव्या बुटाच्या तळाच्या गुट्ट्यांपैकी, म्हणजे स्टडपैकी, बाहेरचा जास्त झिजलेला, डाव्याची टाच आतून खचलेली. फील्डन डाव्या टाचेवर रेलला की बॉल गोलाच्या लांबच्या खांबाकडे जाणार. चवड्यावर आला की जवळच्या. मैदानावर सगळे बॉलकडे बघायचे. नेड फील्डनच्या पावलाकडे बघायचा आणि बॉल निघण्याआधीच उडी घ्यायचा.

वर्तमानपत्रांनी त्याला सहावं इंद्रिय म्हटलं.

तेविसाव्या वर्षी नेड संघाचा कर्णधार झाला. आता त्याचेच बूट दुसरं कुणीतरी पुसत होतं. तरी दर शनिवारी सामन्याआधी तो एझ्राचे बूट स्वतः पुसायचा. एका बातमीदाराने त्याचा फोटो काढला. कर्णधार गुडघ्यावर बसलेला, मांडीवर गुरूचे बूट. तो फोटो देशभर छापून आला. अजूनही येतो.

"क्लब एक संग्रहालय करतोय," नेड म्हणाला. "पुतळ्याच्या शेजारीच. काचेच्या पेटीत ते बूट ठेवायचे आहेत."

"कुठले?"

"तुमचे. फोटोतले. मी पुसायचो ते."

"म्हणजे तुझे."

"तुमचेच, मिस्टर फील्डन. सगळ्यांत पुढची पेटी तुमची आहे. मी तुम्हाला विसरलेलो नाही. एकही मुलाखत अशी नाही की ज्यात मी तुमचं..."

"ऐकल्यात. तू माझे बूट पुसायचास ते सांगतोस. छान सांगतोस. ऐकताना मला दर वेळी वाटतं, त्या बुटांत पाय होते की नव्हते?"

नेडने स्टूल सावरलं. त्याचा हात कोटाच्या आतल्या खिशाकडे गेला आणि तसाच परत आला.

खिशात एक पुठ्ठ्याचं कार्ड होतं. संग्रहालयातल्या त्या पेटीवर लावायच्या मजकुराचं. सकाळी क्लबच्या अध्यक्षांनी चहा पाजून ते नेडसमोर ठेवलं होतं. 'एझ्रा फील्डन. नेड हॉलिनरेक यांचे गुरू. गुडघ्याच्या दुखापतीमुळे स्वेच्छेने निवृत्त.' खाली 'मजकूर मान्य' असं लिहून रेघ मारलेली होती. अध्यक्ष म्हणाले, तुम्ही हो म्हटलंत की छापायला टाकतो. नेडने पेन काढलं होतं.

ते कार्ड दाखवायचं म्हणूनच तो गल्लीत शिरला होता. दुकानात शिरल्यावर त्याला वाटलं, आधी हो म्हणून घ्यावं. मग दाखवू.

दारावरची घंटा वाजली. मिसेस टॅटरसॉल आत आल्या. नातवाचे बूट न्यायला आल्या होत्या.

"झाले का, फील्डन? पोरगं चपला घालून शाळेत गेलंय." एझ्राने तयार बुटांची पिशवी पुढे केली. मग त्यांची नजर स्टुलाकडे गेली. "अगबाई! सर नेड! तुम्ही? इथे?"

नेड उठून उभा राहिला. या उठण्याचीही त्याला सवय होती.

"माझे मिस्टर असायला हवे होते आज. तुमच्या पायांची धूळ कपाळाला लावली असती हो त्यांनी. एक सही द्या ना. कशावर घेऊ? हे... या पिशवीवर द्या. बुटांच्याच."

नेडने आतल्या खिशातून पेन ओढलं. पेनबरोबर कार्डाचा कोपरा वर आला. त्याने तो अंगठ्याने खाली दाबला आणि कागदी पिशवीवर सही केली. एका झटक्यात, पेन न उचलता.

"सही सुधारली तुझी," एझ्रा म्हणाला. "आधी अक्षरं सुटी सुटी यायची."

मिसेस टॅटरसॉलनी पिशवी छातीशी धरली. मग त्या एझ्राकडे वळल्या.

"तुम्हाला सांगते फील्डन, राग मानू नका. आमचे मिस्टर मरेपर्यंत म्हणत होते, नेडने एवढा जीव लावला त्या माणसाला आणि तो शेवटच्या सामन्याच्या दिवशी संघ टाकून पळाला. मी म्हणायची, जाऊ दे, टाच तरी चांगली बसवतो."

"आभारी आहे."

"खरंच चांगली बसवता."

त्या नेडकडे बघून हसल्या. नेडही हसला. त्याचं तोंड किंचित उघडलं होतं. एझ्रा हातातली आरी तशीच धरून त्या तोंडाकडे बघत राहिला.

...

तोंड मिटलं.

घंटा वाजली. मिसेस टॅटरसॉल गेल्या.

"बोलणार होतास काहीतरी," एझ्रा म्हणाला.

"त्यांना आता काय सांगायचं? नवरा वारलाय त्यांचा. आणि पेपरांनी तर गुडघ्याचं कारणच छापलं होतं तेव्हा."

"पेपरांनी गुडघा छापला, गावाने पळपुटा म्हटलं. माझा गुडघा रोज दोन जिने चढतो, नेड. तुझा?"

नेडचा एकही चढत नव्हता. दोन्ही गुडघे धातूचे होते.

"मिस्टर फील्डन, ते सगळं होऊन बेचाळीस वर्षं झाली."

"तुला मोजावी लागतात?"

त्या काळी इंग्लंडात खेळाडूचं नाव क्लबाच्या यादीत असायचं. करार संपला तरी क्लबाला वाटलं तर ते नाव यादीतच राहायचं. नव्या करारावर सही केली तर तिथेच खेळा. नाही केली तर घरी बसा. दुसऱ्या कुठल्याही क्लबाने त्या माणसाला घ्यायचं नाही. याला ते लोक नियम म्हणत. मेंढरांच्या बाबतीत असं केलं तर त्याला निदान कोंडवाडा म्हणतात.

एझ्राची बायको हेटी कापसाच्या गिरणीत कामाला होती. कापसाची धूळ तिच्या छातीत बसली. डॉक्टर म्हणाले, हिला समुद्राकाठी न्या, इथल्या हवेत ही राहणार नाही. समुद्राकाठच्या एका गावातला क्लब एझ्राला घ्यायला तयार होता. घर द्यायलाही तयार होता. एझ्राने रोव्हर्सकडे एवढंच मागितलं, मला सोडा.

क्लबाने नाव यादीत ठेवलं.

तेव्हा बूट ठेवायच्या खोलीत एझ्रासकट अकरा खेळाडू जमले. फील्डनला सोडत नाहीत तोवर पुढच्या हंगामाच्या करारावर कुणीही सही करायची नाही, असं ठरलं. अकरा जण सही करत नाहीत म्हटल्यावर क्लब खेळवणार कुणाला? एकेकाने पुढे होऊन एझ्राचा हात हातात घेतला. सगळ्यांत आधी नेडने. कल्पनाही त्याचीच होती.

ते सोमवारी झालं. गुरुवारी क्लबाच्या सेक्रेटरींनी नेडला वर बोलावलं. इंग्लंडच्या कर्णधारपदासाठी तुझं नाव चर्चेत आहे असं कळतं, ते म्हणाले. जो स्वतःच्या क्लबाशी भांडतोय त्याचं नाव कोण पुढे करील, मला सांग.

नेडने सही केली. शुक्रवारी उरलेल्या नऊ जणांनी केली.

शनिवारी हंगामाचा शेवटचा सामना होता. एझ्रा कपडे बदलायच्या खोलीत आला, खुंटीखालचे आपले बूट उचलले, थोडा वेळ हातात धरले आणि ते तसेच घेऊन बाहेर पडला. कुणाशी एक शब्द बोलला नाही. पुन्हा त्या दारातून आत गेला नाही.

पुढची दोन वर्षं क्लबाने त्याला सोडलं नाही. दुसऱ्या वर्षीच्या थंडीत हेटी गेली. तिसऱ्या वर्षी क्लबाने त्याचं नाव यादीतून काढलं. तोवर समुद्राकडे त्याचं काही काम उरलं नव्हतं.

नेड इंग्लंडचा कर्णधार झाला.

"मी तेवीस वर्षांचा होतो," नेड म्हणाला.

"हेटी तीस वर्षांची होती."

...

"मी सही केली नसती तर दुसऱ्या कुणीतरी केली असती."

"केलीच की. नऊ जणांनी. तुझ्यामुळे त्यांना धीर आला. कर्णधार म्हणून ते तुझं कामच होतं."

"तुम्ही गेल्यावरही मी दोनशे एकतीस गोल केले, मिस्टर फील्डन." नेडचा आवाज चढला. खूप दिवसांनी कुणीतरी त्याला आवाज चढवायला लावला होता. "तुमच्याशिवाय. कडेने दुसरे कोणकोण आले, कुणाला धड बॉल टाकता येत नव्हता. तरी केले. ते पण तुम्ही शिकवलेलं होतं म्हणूनच केले. तेही माझ्या नावावर धरणार नाही का तुम्ही?"

"धरतो ना. सगळे धरतो. मी शेवटच्या रांगेत उभा राहून बघितलेत त्यातले बरेचसे."

नेडला हे ठाऊक नव्हतं.

"तुम्ही... मैदानावर यायचात?"

"तिकीट काढून. टोपी खाली ओढून. ओळखलं असतं तर लोकांनी हाकललं असतं. तू फार सुंदर उडी मारायचास, नेड. दर वेळी माझे हात वर जायचे. घरी येऊन मी त्या हातांना शिव्या द्यायचो."

एझ्राने शाळेचा दुसरा बूट फर्म्यावर चढवला. टाच तपासली. नेड खाली मान घालून बसला होता. मग तो एकदम म्हणाला, "तो कारकूनच ना?"

"कुठला?"

"ऑफिसातला. हेन्शॉ. मी सही केली तेव्हा सेक्रेटरींशिवाय तो एकटाच तिथे होता. त्यानेच सांगितलं असणार तुम्हाला. मी स्वतः सांगणार होतो, मिस्टर फील्डन. सामना झाल्यावर सांगणार होतो. त्याने मला ती संधीच दिली नाही. मी त्या माणसाशी जन्मात पुन्हा बोललो नाही. तो मेला तेव्हा त्याच्या बायकोचं पत्र आलं होतं, या म्हणून. मी गेलो नाही."

एझ्राने हातोडी खाली ठेवली.

"हेन्शॉने मला काही सांगितलं नाही."

"मग कुणी?"

"बुटांनी."

...

"आठ वर्षं तू माझे बूट पुसलेस," एझ्रा म्हणाला. "कसे पुसायचास? माती खरवडायची, चरबी चोळायची, फडकं एकदा मारायचं, संपलं. ते बरोबरच होतं. बूट खेळायचे असतात. त्या शनिवारी मी खुंटीखाली बघितलं तर आरशासारखे बूट. उचलून बघितले. शिवणीत माती नाही. नाडीखालची जीभ आतून पुसलेली. आणि नाडीची भोकं, नेड. काडी घालून एकेक भोक साफ केलेलं."

नेडने पुन्हा स्टूल सावरलं.

"मी तुला बूट वाचायला शिकवलं होतं. मला येत नसेल असं वाटलं तुला?"

बाहेरून गिरणीचा भोंगा ऐकू यायला हवा होता, एवढी दुपार झाली होती. पण गिरणी बंद पडून पंधरा वर्षं झाली होती.

नेडने रुमाल काढला. नाक पुसलं. म्हातारा झालेला खेळाडू रडायला लागला की कुठे बघायचं ते कुणाला कळत नाही. एझ्राने शाळेच्या बुटाकडे बघितलं.

"तुम्हाला काय हवंय?" नेड म्हणाला. "सांगा. मी करतो."

"मला काही नको होतं. तूच आलास, तुला काहीतरी हवंय म्हणून."

"तुम्ही शनिवारी यायला हवं. तुम्ही आला नाहीत तर... मी त्या पुतळ्यासमोर उभा कसा राहू?"

एझ्राने एप्रन पुढे ओढला. त्याने हात पुसले. एप्रनला पुसले, मग पुन्हा पुसले.

"त्या पेटीवर काय लिहिणार आहेत?" त्याने विचारलं.

"अं?"

"काचेच्या पेटीवर. कार्ड लावतात ना. मी खेळ का सोडला, ते लिहिणार आहेत का?"

"ते... क्लबचे लोक बघतायत अजून."

"खरं लिहायला सांग. मोठं नको. चार ओळी. क्लबाने सोडलं नाही, बायको आजारी होती, सगळ्यांनी शब्द दिला होता आणि मोडला. कुणाची नावं नकोत, तुझंही नको. सगळ्यांनी म्हण. एवढं लिहिलं तर बूट घेऊन जा. शनिवारी मीपण येतो. कापडही ओढतो. तुझ्या खांद्यावर हात ठेवून फोटो काढतो, हवा तर."

नेड त्याच्याकडे बघत राहिला. इतकं सोपं असेल असं त्याला वाटलं नव्हतं. इतकं अवघड असेल असंही नाही.

"लिहितील," तो म्हणाला.

"काय?"

"खरं ते."

"हेटीचं?"

...

"हेटीचंही."

"तू बघितलंस ते कार्ड?"

"अजून झालेलं नाही, मिस्टर फील्डन. झालं की आधी तुम्हाला दाखवीन."

एझ्राने मान हलवली. मग तो उठला, एका हाताने गल्ल्याच्या कडेला धरत मागे गेला आणि वरच्या फळीवरून कापडात बांधलेलं एक गाठोडं घेऊन आला. गाठ सोडायला त्याला वेळ लागला.

घोट्याच्या वर येणारे, जुन्या घडणीचे बूट. चामडं तडकलेलं. त्यावर पांढरी बुरशी. टाचेपाशी उंदराने कुरतडलेलं. बेचाळीस वर्षांत एझ्राने ब्रॅकथॉर्पमधल्या सगळ्यांच्या बुटांना पॉलिश केलं होतं, ज्यांनी त्याला पळपुटा म्हटलं त्यांच्यासुद्धा. या जोडीला त्याने बोट लावलं नव्हतं.

"अरे देवा," नेड म्हणाला.

"सांभाळून. शिवण सुटेल."

"असे कसे न्यायचे? लोक काय म्हणतील?" नेडने कोट काढला. स्टुलामागे भिंतीत असलेल्या खिळ्याला अडकवला. मग काय वाटलं कुणास ठाऊक, कोट परत घातला आणि नुसत्या बाह्या वर सारल्या. "ब्रश कुठाय? द्या इकडे."

"राहू दे, नेड."

"नाही. मी करणार. माझं काम आहे ते."

त्याने बूट मांडीवर घेतला. धातूच्या गुडघ्यांमुळे त्याला खाली बसता आलं नाही, पण तो जमेल तेवढा वाकला. बुरशी झटकली. डबीतली चरबी बोटावर घेऊन तडकलेल्या चामड्यात जिरवायला लागला. हळूहळू. गोलगोल. त्याच्या हाताला सगळं आठवत होतं.

एझ्रा आपल्या जागी बसला. त्याने ओठांत खिळे धरले आणि शाळेच्या बुटाचं काम पुढे सुरू केलं. एक खिळा. दुसरा खिळा. दुकानात दोन म्हातारे काम करत होते. तेवढा वेळ त्या दुकानात काहीच बिघडलेलं नव्हतं.

"हा बाहेरचा स्टड बघा," नेड म्हणाला. "अजून तसाच झिजलेला आहे."

"झिजलेलं परत वाढत नाही."

नेड मोठ्याने हसला. यावेळचं हसू वेगळं होतं. पंधरा वर्षांच्या पोराचं होतं.

त्याने पहिल्या बुटाला फडकं मारलं. एकदा. मग पुन्हा. मग जिभेच्या आत बोट घालून पुसलं. मग दुसरा बूट. फडकं चरचर वाजायला लागलं. चामड्यातून काळी चमक वर आली. नेड थांबला नाही. त्याच्या कपाळावर घाम होता.

मग त्याने आजूबाजूला बघितलं. गल्ल्यावर काड्यापेटी होती. त्याने ती न विचारता उचलली, एक काडी काढली, तिचं टोक दातांनी चावून बारीक केलं.

एझ्राची हातोडी थांबली.

नेडने काडी नाडीच्या पहिल्या भोकात घातली. फिरवली. फुंकर मारली. दुसऱ्या भोकात घातली. फिरवली. फुंकर मारली. एका बुटाला चौदा भोकं होती. त्याने एकही सोडलं नाही.

एझ्राने ओठांतले उरलेले दोन खिळे काढले आणि मुठीत धरले.

शेवटी नेडने दोन्ही बूट गल्ल्यावर ठेवले. शेजारी शेजारी, टोकं बाहेर करून. पूर्वी खुंटीखाली ठेवायचा तसे. आणि मागे सरून बघितलं.

"बघा, मिस्टर फील्डन. आहेत का नाही तसेच?"

एझ्राने एक बूट उचलला. खिडकीच्या उजेडात धरला. वळवून बघितला. त्याचा अंगठा नाडीच्या भोकांवरून एकेक करून खाली गेला, सातव्यापर्यंत. मग दुसऱ्या बाजूने वर आला.

नेडचा हात छातीवर होता. कोटाच्या आतल्या खिशावर.

"हो," एझ्रा म्हणाला. "अगदी तसेच."

त्याने बूट खाली ठेवला.

"आज कशावर सही करून आलास, नेड?"